मधला खांब काढला

९ सप्टेंबर २०२५

ही वही आप्पांच्या औषधांसाठी आणली. सकाळी साखर १६२, गोळ्या घेतल्या, अर्धी भाकरी खाल्ली, आंघोळ नको म्हणाले. एवढं लिहून झालं तरी पान उरलं. बत्तीस वर्षं सरकारी मोजमापाच्या वह्या लिहिल्या, उरलेल्या पानावर तिरकी रेघ मारायची शिस्त हाताला लागलीय. आज रेघ मारायचाही कंटाळा आला, म्हणून लिहिते.

निपाणीहून मारुतीराव आलते. तंबाखू कामगार बायकांच्या मंडळाचे सचिव. मंडळ बायकांचं, पण वखारी बंद पडत गेल्या तशा बायकाही कमी झाल्या, आता कमिटीवर दोनच आहेत आणि त्याही सहीपुरत्या. या मंडळाचं सभागृह १९७१ साली आप्पांनी बांधलं. आप्पा म्हणजे माझे वडील, सिद्राम कांबळे, आर्किटेक्ट, वय अठ्ठ्याऐंशी. सभागृहाच्या छताचा गिलावा या वर्षात दोनदा पडला. मंडळाच्या मनात तिथं खाली दुकानं आणि वर मंगल कार्यालय आहे. त्याआधी जुनी इमारत धोकादायक आहे की नाही, याचा इंजिनिअरचा दाखला लागतो.

"आमाला पाडायची हौस न्हाय मॅडम," मारुतीराव म्हणाले. "खरं काय हाय त्ये लिवा. तुमी म्हटलासा ऱ्हाऊ दे, तर ऱ्हाईल. तुमी म्हटलासा धोका, तर कोण बोट ठेवणार? घरचीच सही."

आप्पा शेजारी खुर्चीत होते. त्यांनी मारुतीरावांना तीनदा विचारलं, "तुमी कुणाचं?" तिन्ही वेळा त्यांनी आपल्या वडलांचं नाव सांगितलं. माणूस सभ्य आहे. मी काम घेतलं. नको म्हणायला काहीतरी वाटावं लागतं, तसं काही वाटलं नाही.

१२ सप्टेंबर

निपाणीला जाऊन आले. दिवसभर मोजमाप.

इमारत लांबट आहे. पुढच्या भागात सभागृह, मागच्या भागात बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर, दोन्हींवर मिळून एकच छत. छत सपाट नाही, काँक्रीटच्या घड्या आहेत. बायका त्याला निऱ्यांचा हॉल म्हणायच्या, आणि खरंच लुगड्याच्या निऱ्यांसारखंच दिसतं. आत खांब कुठंही नाही. मधोमध चाळीस फुटांची एक तुळई आडवी गेलीय, तिच्याखाली सभागृह आणि पाळणाघर वेगळं करणारी भिंत. साठ-सत्तर साली या भागात असलं काम कुणी केलं नव्हतं. कॉलेजात आमच्या सरांनी एकदा विचारलं होतं, निपाणीचा तो हॉल कुणी बांधला ठाऊक आहे का? मी गप्प बसले होते.

आई गेली तेव्हा या छताचं काँक्रीट चालू होतं. मी तीन वर्षांची. आप्पा सदलग्याला, आजीच्या घरी आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं आटोपल्यावर. आजी तानीबाई सांगायची, त्याच्या पायाला शिमिट तसंच हुतं. असलं ओतकाम मध्ये थांबवता येत नाही, थांबवलं तर जोड कच्चा राहतो, हे इंजिनिअर झाल्यावर मला कळलं. कळून काही फरक पडला नाही.

आज त्या छताखाली उभी राहिले तर काही वाटेल असं वाटलं होतं. गिलावा कुठं कुठं सुटलाय ते टिपून घेतलं, पाच ठिकाणी लोखंड दिसतंय, तुळईवर हातोडा मारून काँक्रीटची ताकद घेतली, बरी आहे. पाळणाघराची भिंत मंडळाकडच्या नकाशात नऊ इंच आहे, जागेवर अठरा भरली. जुन्या लोकांचा विटांना हात सढळ.

१५ सप्टेंबर

आप्पांचं कपाट काढलं. तीन वर्षांपूर्वी त्यांना निपाणीहून इथं बेळगावात आणलं तेव्हा तसंच उचलून आणलं होतं, उघडलं आज.

निळ्या नकाशांच्या गुंडाळ्या. सदलग्याची शाळा. चिकोडीच्या वाटेवरची पाण्याची टाकी. एक विहार, त्याच्या छताला भोक ठेवून ऊन बरोबर मूर्तीपाशी आणलेलं. आणखी सात-आठ नकाशे, पैकी चार कागदावरच राहिले. मुंबईत मोठ्या ऑफिसात सहा वर्षं काढून माणूस गावाकडं आला. बंगल्याचं काम एकानंही दिलं नाही. बंगल्यात देवघर असतं, आणि देवघराची रेघ महारवाड्यातल्या हातानं ओढलेली कुणाला नको होती. मग ज्यांच्याकडं देवघर नाही अशांचीच कामं केली. हे आप्पांनी मला कधी सांगितलं नाही. आजीनं सांगितलं. आप्पांनी मला तसं काहीच कधी सांगितलं नाही. इंजिनिअरिंगला पहिला वर्ग मिळाला तेव्हा पोस्टकार्ड आलं होतं, 'पत्र मिळाले. प्रकृती जपावी.'

तळाशी निपाणीच्या कामाची नोंदवही मिळाली. बारीक, उभं अक्षर. किती बायका कामावर, किती पोती, पाऊस आला का, एवढंच. चाळत गेले आणि १४ मार्च १९७०ला थांबले.

'गुणाबाईच्या सांगण्यावरून मधला खांब काढला.'

एवढंच. गुणाबाई वखारीतली, हे आधीच्या एका नोंदीत आहे; खांबाचा खुलासा पुढं-मागं नाही. दुसऱ्या दिवशीची नोंद विटांची.

१६ सप्टेंबर

हिशेब मांडला. चाळीस फुटांची तुळई, नकाशातलं लोखंड, गंजामुळं घट धरून. त्या काळच्या नियमानं काठावर पास. आजच्या नियमानं नापास, बऱ्यापैकी नापास. मध्ये एक खांब असता तर कसलाच प्रश्न नव्हता, दुप्पट भारही झेपला असता.

म्हणजे खांब असणारच मुळात. आणि तो या माणसानं एका वखारीतल्या बाईच्या सांगण्यावरून काढून टाकला. नकाशावर तारीख जानेवारी सत्तरची आहे आणि त्यात खांब दिसत नाही, नोंद मार्चची. तारखांच्या बाबतीत आप्पा गबाळेच होते, नकाशा नंतर बदलून जुनीच तारीख ठेवली असणार. बिनखांबाचं छत त्यांना हवंच होतं. कुणीतरी म्हणायचाच अवकाश.

पंचावन्न वर्षं कसं उभं राहिलं कोण जाणे. तडा म्हणावा असा तुळईला एकही नाही. नशीब.

साखर १४८.

१९ सप्टेंबर

आप्पांना विचारून बघितलं. नागुबाई त्यांना पेज भरवत होती. नागुबाई खानापूरकडची, दिवसभर असते, आप्पांच्या दृष्टीनं घरातली एकमेव ओळखीची व्यक्ती. मला ते 'बाई' म्हणतात. परवा नागुबाईला विचारत होते, ही बाई पगार किती घेती?

"आप्पा, निपाणीची गुणाबाई आठवते?"

त्यांचा चेहरा एकदम उघडला. "गुणाबाई! लई वस्ताद. आमी हरलो तिच्यापुढं."

"तिच्या सांगण्यावरून खांब काढला होता?"

"काढला की. लई भांडली." मग हसायला लागले, हसता हसता ठसका लागला, पेज सांडली. नागुबाई माझ्यावर चिडली. "आक्का, खाताना इचारू नगासा वो कायबी."

मी पुसून घेतलं. वही आणि आप्पा, दोन साक्षींनी पक्कं झालं म्हणायचं.

२१ सप्टेंबर

तरी एकदा समक्ष विचारावं म्हणून मारुतीरावांकडून पत्ता घेऊन आज निपाणीला गुणाबाईकडं गेलते. वय ऐंशीच्या वर, एका कानानं ऐकू येत नाही, बाकी खणखणीत. दारातच बसली होती. सिद्राम सायबाची लेक म्हटल्यावर माझी दोन्ही हातांनी दृष्ट काढली, बोटं कडाकडा मोडली. मला असलं काही करून घ्यायची सवय नाही, नुसती उभी राहिले.

"गुणाबाई, हॉलचा मधला खांब आप्पांनी तुमच्या सांगण्यावरून काढला?"

"व्हय तर! माझ्याच सांगण्यावरनं. मी सायबाला म्हटलं, तुमचं छत काय बी असू द्या. मदला खांब काढल्याबिगर आमी पोरं आत निजवणार न्हाय. दोन दीस तोंड फुगवून बसलं सायेब. तिसऱ्या दिशी आलं, म्हणलं, काढतो बाई. काढला."

पोरं खांबाला धडकतील म्हणून म्हणाली असेल. बायकांना काय ठाऊक खांब कशाला असतो.

"मग नंतर भीती नाही वाटली कधी? वर एवढं वजन."

"आता कसलं भ्या? खांब काढल्यावर भ्याच गेलं की. माझी चार लेकरं त्याच्याखाली वाढली."

खांब काढल्यावर भीती जाते म्हणणाऱ्या बाईला मी हिशेब काय समजावून सांगू? आणि मला राग तिचा नाही आला. तिला काही कळत नव्हतं, ते ठीक. त्यांना कळत होतं. चार लेकरं, त्याआधी आणि नंतरची कितीतरी, रोज त्या तुळईखाली झोपवली आणि हा माणूस गप्प राहिला. माझ्या आईपेक्षा ज्या कामाला जास्त महत्त्व दिलं, ते कामही धड केलं नाही. हे लिहिताना हात अगदी स्थिर आहे.

गुणाबाईनं निघताना मूठभर शेंगा दिल्या. बसमध्ये खाल्ल्या.

२४ सप्टेंबर

खडेबाजारातल्या मष्णूकडं अहवाल टंकून घेतला. इथल्या सरकारी कार्यालयाला कन्नड प्रत लागते, आणि नोंदवहीतलं मराठी वाक्य नुसतं चालत नाही, शेजारी कन्नड भाषांतर लागतं. मष्णू वीस वर्षं माझे कागद टंकतो, माझ्याहून बरं कन्नड लिहितो. सगळं भराभर झालं आणि त्या एका ओळीला त्याचे हात थांबले.

"मॅडम, 'खांब काढला' म्हंजे काय घालू? तेगेदरु, का कट्टिदरु?"

"म्हणजे?"

"न्हवं, काढून टाकला असंल तर तेगेदरु. बांधला असंल तर कट्टिदरु. आमचा बा गवंडी हुता. संध्याकाळी घरला आला की म्हणायचा, आज चार खांब काढले. म्हंजे पायातनं वर काढले."

"मष्णू, नकाशात खांब नाही. जागेवर खांब नाही. मग बांधला कुठं, हवेत? तेगेदरु घाल."

"तसं न्हवं, आपलं इचारलं."

"घाल म्हटलं ना."

घातलं. उगाच आवाज चढवला त्याच्यावर, चहाही न घेता निघाले. निष्कर्ष असा लिहिलाय: मूळ आराखड्यातील मधला आधार बांधकामाच्या वेळी काढून टाकण्यात आल्याचे नोंदीवरून व साक्षीवरून सिद्ध होते, सबब इमारत वापरास धोकादायक. सही केली. उपासना सिद्राम कांबळे. वडलांचं नाव मधे लिहावंच लागतं.

८ ऑक्टोबर

मंडळाचा ठराव झाला. मारुतीरावांचा फोन, "तुमच्या सहीमुळं सगळं सोप्पं झालं बघा. एक दोघं बोलायलते, जुनी वास्तू हाय, जपाय पायजे. तुमचा कागद दाखवला, गप्प झाली."

नागुबाईनं ऐकलं. ती भांडी घासता घासता म्हणाली, "बापानं बांधल्यालं लेकीनं पाडाय सांगितलं व्हय?"

"धोक्याचं आहे म्हणून सांगितलं."

"तसं का. मग बरं." आणि नळ मोठा सोडला.

आप्पांचं वजन दोन किलो कमी. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे.

१७ नोव्हेंबर

महिनाभर लिहिलं नाही, लिहिण्याजोगं काही नव्हतं. दिवाळीत आप्पांना नवा सदरा घातला, तो त्यांनी काढून परत उलटा घातला.

आज पाडायला सुरुवात झाली. मी गेले नाही. गुत्तेदार रवळू, त्यानं सकाळी फोनवर सांगितलं, सहा दिवसांत मैदान करतो मॅडम. दुपारी एका सोसायटीच्या गळतीचं काम बघितलं, तिथल्या लोकांनी भजी दिली.

१९ नोव्हेंबर

रवळूचा फोन. सभागृहाकडचं निम्मं छत उतरवलं, त्याला अडचण आली नाही. मधल्या भिंतीपाशी यंत्राचं टोक मोडलं.

"मॅडम, तुमी कागदात लिवलासा खांब न्हाय म्हणून. खांब हाय की वो. भितीच्या पोटात हाय. दोन फुटी. असलं लोखंड मी बघितल्यालं न्हाय. सकाळपासनं मारालोय, हालंना."

मी म्हटलं, उद्या येते. मग ताटावर बसले. जेवण नेहमीसारखं जेवले.

२० नोव्हेंबर

खांब आहे.

विटा सोलून निघाल्यात आणि मधोमध तो उभा आहे, पायापासून तुळईपर्यंत. काँक्रीट इतकं घट्ट की खडी कुठं संपते आणि सिमेंट कुठं सुरू होतं ते दिसत नाही. दोन बाजूंनी विटा लावून भिंत अठरा इंच केलेली आणि खांबापाशी आणखी थोडा फुगवटा, पाळणाघराच्या बाजूला तिथं कोनाडे केले होते म्हणून मला तो दिसला नाही. दिसला नाही म्हणजे, मोजला होता. अठरा इंच मी माझ्या हातानं लिहिलं होतं. भिंतीवर हातोडा मारला नाही. एक वीट काढून बघितली नाही. कुणीही शिकाऊ पोरगं बघतं.

रवळू अदबीनं उभा होता. त्याला काम वेळेत न झाल्याबद्दल मुदतवाढ हवी होती. कागद त्यानं तयारच ठेवलेला. 'बांधकाम अपेक्षेपेक्षा अत्यंत मजबूत असल्याने पाडण्यास जादा आठ दिवस लागतील.' खाली इंजिनिअरची सही.

उरलेलं छत वाचवता येईल का, हा हिशेब मी तिथं उभ्या उभ्या केला. येत नाही. निम्म्या घड्या गेल्यावर उरलेल्यांना पलीकडून रेटा मिळत नाही, त्या आज ना उद्या बसणार. खाली माणसं आहेत. हा हिशेब तरी बरोबर आहे.

मी सही केली. सप्टेंबरात याच हातानं लिहिलं, पडेल. आज लिहून दिलं, पडत नाही. रवळू म्हणाला, "थँक्यू मॅडम."

२१ नोव्हेंबर

पुन्हा निपाणी. गुणाबाईकडं. या वेळी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले आणि सरळ विचारलं, खांब काढला म्हणजे काय केलं?

ती माझ्याकडं बघतच राहिली. "काय केलं म्हंजे? काढला. जमिनीतनं वर काढला. सायबानं आदी खांब धरलाच नव्हता. म्हणायचं, ह्या छताला खांब लागत न्हाय, मी मुंबईला शिकून आलोय. मी म्हटलं, सायेब, तुमाला लागत न्हाय, आमाला लागतोय. आमी दिवसभर वखारीत, पोरं हितं. मदी काय तरी उभं हाय म्हटल्याबिगर आमचं मन कामात ऱ्हाणार न्हाय."

"मग भिंतीत का लपवला?"

"ती माझी न्हाय, त्येची आट. म्हणलं, काढतो, पर कुणाला दिसू देणार न्हाय. माझ्या छताची शोभा जाती." ती हसली, आणि मग तिचं हसू गेलं. "तू आदी हेच इचारलंतंस न्हवं? म्या सांगितलं की तुला."

"सांगितलंत."

"मग आता पाडत्यात ते खांब न्हाय म्हणून पाडत्यात? मला वाटलं दुकानांसाठी."

मी म्हटलं, माझी चूक झाली. मोठ्यानं म्हणावं लागलं, तिचा कान तसा. शेजारची बाई बाहेर आली बघायला. गुणाबाईनं तिला हातानं आत जायला खुणावलं. मग म्हणाली, "तुज्या बाला सांगू नगंस." आज तिनं शेंगा दिल्या नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचं तरी सरळ वाईट वाटलं, ते शेंगांचं.

२६ नोव्हेंबर

पत्र लिहिलं. 'माझा दि. २४ सप्टेंबरचा दाखला चुकीचा होता. इमारत मजबूत होती. चूक सर्वस्वी माझी.' मराठीत लिहिलं आणि भाषांतरासाठी मष्णूकडं गेले. त्याला सांगितलं, तू विचारलं होतंस ते बरोबर होतं. तो खाली बघून टंकत राहिला. "मीबी जोर लावून बोलाय पायजे हुतं मॅडम," म्हणाला. चहा मागवला त्यानं. घेतला.

एक प्रत हातानं मारुतीरावांना दिली. वाचून त्यांनी घडी घालून परत माझ्यापुढं ठेवली. "आता ह्ये कुणाला दाखवू? अर्धं पडलं. उगंच तुमच्या नावाला बट्टा. ठेवा तुमच्यापाशी." मी म्हटलं, ठेवायला लिहिलं नाही. दुसरी प्रत कार्यालयाला स्पीड पोस्टानं पाठवली. पुढं लायसन्सचं काय होईल ते होईल. भीती वाटत नाही, हायसंही वाटत नाही.

२ डिसेंबर

खांब काल संध्याकाळी पडला. रवळूनं व्हिडिओ पाठवला. उघडला नाही, पुसलाही नाही.

६ डिसेंबर

सकाळी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, आप्पांना खुर्चीतून आणून बसवलं. त्यांनी हात जोडले, बुद्धं सरणं गच्छामि शेवटपर्यंत बरोबर म्हटलं. अशी काही जुनी पाठांतरं त्यांची शाबूत आहेत. नंतर अंगणात उन्हात बसले, चेहरा स्वच्छ होता. असे तास आता आठवड्यातून एखादा. गुणाबाई नको म्हणाली होती, तरी मला सांगायचंच होतं. कुणाला तरी त्यांचं नाव घेऊन सांगायचं होतं आणि तसं दुसरं कोण आहे.

"आप्पा, निपाणीचा हॉल पाडला."

"कुणी?"

"मंडळानं. पण चूक इंजिनिअरची. तुमच्या वहीत लिहिलं होतं, मधला खांब काढला. त्यांनी अर्थ उलटा लावला. भिंत फोडून बघितली नाही, तसाच दाखला दिला."

ते विचारात पडले. हातांची बोटं गुडघ्यावर हलत होती. मला वाटलं विसरले. मग म्हणाले, "कुठला सायेब?"

"बाई आहे."

"बाई हाय?" त्यांनी मान वर केली. "मग तिला कुणी लागट बोलू नगासा. बाईमाणसाला चूक करायची सोय नसती. आमालाबी नव्हती."

मी त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली.

"माझी लेक हाय," आप्पा म्हणाले. "बेळगावात. इंजिनेर. तिला बोलवाय पायजे हुतं. तिला भितीत काय हाय ते नुसत्या हातानं कळतंय. एवढी एवढी हुती, सदलग्याच्या घरात भितीला टकटक करून सांगायची, आप्पा, हितं पोकळ हाय. बरोबर असायचं. मी नंतर फोडून बघितलं एक डाव. बरोबर हुतं."

मला हे आठवत नाही. कितीही आठवलं तरी आठवत नाही. ते बघत होते हेही मला माहीत नव्हतं.

"तिला निरोप धाडा," ते म्हणाले. माझ्याकडं वळून, अगदी समजावून सांगितल्यासारखं, आवाज खाली आणून. "पर माझं नाव सांगू नगासा. न्हायतर येणार न्हाय ती."

मी म्हटलं, बरं. नाव सांगत नाही.